जपानीनचा वाफा

ताई, तुझा वाफा कौसाबाईच्या बकरीनं खाल्ला नव्हता. तो मी उपटला होता.

हे वाक्य आजपर्यंत मी कोणासमोर बोललेलो नाही. सुनंदासमोरही नाही, आणि बायकोपासून माझं फारसं काही लपून राहत नाही हे तू ओळखून होतीस. तुझ्यासमोर ते दोनदा ओठांपर्यंत आलं. दोन्ही वेळा मी पाणी मागितलं, एकदा तर तू उठून माठातलं पाणी दिलंस. आता तू गेल्यावर मला वाचा फुटते आहे, ह्याची लाज वाटते. पण फुटली आहे तर अर्धवट नको. सगळंच सांगतो.

फक्त त्या दिवसापासून सुरुवात करवत नाही. त्याआधीचं इतकं चांगलं होतं, की ते बाजूला ठेवून सरळ गुन्ह्यावर यायचं म्हणजे तुझ्यावर आणखी एक अन्याय.

तू आणि शेजारची कौसाबाई दसऱ्याला नागपूरला गेला होतात. मी सोबत नव्हतो, पण ती गोष्ट तुम्हा दोघींच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकली आहे, की दीक्षाभूमीच्या त्या गर्दीत मीही कुठेतरी चवड्यावर बसलो होतो असं वाटतं. झाडाखाली तुमच्याशेजारी एक जपानी म्हातारी येऊन बसली. तू तिच्यापुढे भाकर आणि ठेचा धरलास. पुढचं कौसाबाई सांगायची, आणि सांगताना उभी राहायची.

"वितभर म्हातारी रे बाबू, डोक्शावर टोपी. तुह्या बहिणीनं तिले ठेचा चारला ना बाप्पा! डोयातून पाणी, नाकातून पाणी, अन् तरी हासून राह्यली. मी म्हणलं, विमल, आता हे मेली त आपल्याले जपानले धरून नेतीन."

"मेली नाई," तू चुलीपासून म्हणायचीस. "दुसरी भाकर मांगतली तिनं."

त्या भाकरीच्या बदल्यात म्हातारीनं पर्समधून कागदाची चौकोनी पुडी काढून तुझ्या तळहातावर ठेवली. आत बारीक, तपकिरी, काडीच्या तुकड्यांसारखं बी. भाषा तर कोणालाच येत नव्हती. तिनं बोटांची कात्री करून हवेत काहीतरी खुडलं, तोंडात टाकल्यासारखं केलं, पोटावरून हात फिरवला. मग घोट्याच्या वर हात धरून एवढं वाढतं म्हणून दाखवलं. कौसाबाईचं मत पडलं की हे गुडघेदुखीचं औषध आहे. कारण तिनं हात पायाजवळ नेला होता.

तू ते विहिरीजवळ पेरलंस. बी मूठभर आणि बारीक, म्हणून त्यात चुलीतली राख मिसळून, भुरभुरत. डालडाच्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडून तू झारी केली होतीस, त्यानं पाणी. उगवलं तेव्हा कौसाबाई कुंपणावरून वाकून म्हणाली, "घ्या! दीक्षाभूमीवरून गाजरगवत आणलं हिनं." खरंच तशीच पानं. कातरलेली, फिकट, गाजराच्या पाल्यासारखी. हा विनोद मला तूच फोनवर सांगितला होतास आणि मी यवतमाळला बी-खताच्या दुकानाच्या काउंटरवर उभा राहून मोठ्यानं हसलो होतो. हे लक्षात ठेव ताई. मला सांगितलेलं होतं.

मग पहिली भाजी. लसूण, लाल मिरची, वरून शेंगदाण्याचं कूट. दोघी ताटलीसमोर बसलात आणि कोणी हात घालेना.

"तू खाय पयले," कौसाबाई म्हणाली, "मी पाह्यते मरते का."

"अन् मेली त?"

"तुह्या वाट्याची भाकर मी खाईन. वाया नाई जाऊ देणार."

तू मेली नाहीस. दोघींनी कढई पुसून खाल्ली. त्या भाजीला एक वास होता, थोडा कापराकडे जाणारा, थोडा शेवंती चुरगळल्यावर येतो तसा. पुढं फुलं आली तेव्हा कळलं की हे शेवंतीचंच कोणी भाऊबंद आहे. मधे पिवळा डोळा, भोवती पिवळ्या पाकळ्या, पाकळ्यांचे शेंडे पांढरे. कोणी त्याला खायची शेवंती म्हटलं, कोणी काही. तुमच्या दोघींसाठी ती जपानीन झाली. "जपानीन उगोली का?" "जपानीनले पाणी घातलं का?" नवीन माणसाला वाटायचं घरात पाहुणी उतरली आहे.

दरवर्षी दसरा झाला की तू वाफा करायचीस, आणि पहिली खुडणी वाटीत भरून कुंपणापलीकडे जायची. आपल्या फुलसावंगीत इतक्या घरांत इतक्या भाज्या शिजतात, पण ही दोनच घरांत शिजायची. उन्हं तापायला लागली की ती आपोआप संपायची आणि पुढच्या थंडीपर्यंत फक्त बी उरायचं. त्या बियासाठी तुझी पद्धत ठरलेली. वाफ्यातली सगळ्यांत चांगली, ठसठशीत रोपं निवडायची आणि त्यांच्या बुंध्याला जुन्या पांढऱ्या साडीची चिंधी बांधायची. चिंधीवालीला हात लावायचा नाही. तिची पानं खायची नाहीत, तिची फुलं बुद्धाच्या फोटोपुढेही ठेवायची नाहीत.

ह्यावरून आपलं दर माघात वाजायचं. मी रविवारी यायचो, आणि माझा डोळा नेमका चिंधीवालीवर.

"ताई, जे चांगलं ते खायचं सोडून तू मरतुकडं खाऊ घालतेस."

"चांगलं खाल्लं त पुढच्या साली मरतुकडंच उगंन. तुह्या दुकानात हे नाई शिकवत?"

"दुकानात दरवर्षी नवीन पाकीट मिळते."

"मंग तू पाकीट खाय."

तू पाकळ्या उपटून वरणावर टाकायचीस, मधला डोळा टाकून द्यायचीस, तो कडू. मला एकदा तू तो मुद्दाम चारलास आणि मी थुंकलो तेव्हा दोघी पदर तोंडाला लावून हसत होतात. त्या हसण्यात दोन आवाज होते. गेली कित्येक वर्षं तुझ्या अंगणात मी एकच आवाज ऐकला, आणि तोही हळूहळू हसायचा कमी झाला. ते माझ्यामुळे.

आता सांगतो.

त्या वर्षी घरकुलाचं काम निघालं म्हणून विहिरीजवळची जागा गेली. पावसाळ्यात डब्यात ओल शिरून बियाला बुरशी लागली होती. जे वाचलं ते सगळं तू पेरलंस, डब्यात एक दाणा ठेवला नाहीस. कौसाबाईकडे तर कधीच बी नसायचं. "तुह्याकडे हाये ना, मले कायले पाहिजे," म्हणायची. आणि पेरलंस कुठं, तर घरामागं, पऱ्हाटीच्या, कापसाच्या वाळल्या काड्यांच्या कुंपणालगतच्या पट्ट्यात. जिथं मी लहानपणापासून गाजरगवताशिवाय काही उगवलेलं पाहिलं नव्हतं.

यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं. दिवाळी होऊन गेल्यावर एका रविवारी मी मोटरसायकलवर आलो. तू पुसदला साखरपुड्याला गेली होतीस, दुपारच्या गाडीनं येणार होतीस. घर बंद. मी फाटक लावून घेतलं, मागं गेलो आणि तो पट्टा पाहिला. हिरवागार, दाट, वितभर वाढलेला.

मी कृषी केंद्रातला माणूस. गिऱ्हाइकाला दिवसभर एकच पाठ म्हणून दाखवणारा. गाजरगवत फुलावर यायच्या आत मुळासकट उपटा, हाताला लावू नका, खाज सुटते. मला वाटलं, ताईचं वय झालं, कंबर धरते, तिच्यानं होत नसेल. ती येईपर्यंत साफ करून ठेवतो. खूश होईल. ताई, मी ते प्रेमानंच करायला बसलो होतो. तेवढं एक मला स्वतःच्या बाजूनं म्हणता येतं, आणि ते अर्ध्या वाफ्यापुरतंच खरं आहे.

हाताला खाज नको म्हणून मी दोन्ही हातांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि उपटत सुटलो. माती भुसभुशीत होती, एका ओढीत रोप हातात. इतकी मऊ माती गाजरगवताला कोण करून देतं, हा विचार तेव्हाच यायला हवा होता. अर्धा पट्टा झाल्यावर हात घामानं भिजले म्हणून पिशव्या काढून फेकल्या, पाणी प्यालो आणि उघड्या हातानं पुढचं रोप धरलं.

वास आला.

तो वास मी कुठंही ओळखला असता. लसूण-मिरचीच्या फोडणीआधीचा, तुझ्या विळीवरचा वास. मी तिथंच बसून राहिलो. पलीकडे उपटलेल्या रोपांचा ढीग, मुळं ओली, पानं अजून ताजी. अलीकडे अर्धा वाफा उभा.

आता जे सांगतो ते मुख्य. उपटणं ही चूक होती. त्यानंतरचं जाणूनबुजून होतं.

उपटलेली रोपं तेव्हाच्या तेव्हा परत रोवून पाणी घातलं असतं तर निम्मीतरी जगली असती, हे मला कळत होतं. रोपांच्या पुनर्लागवडीवर मी लोकांना सल्ले देतो. आणि उभा अर्धा वाफा तर तसाच सोडायचा होता. तू आल्यावर म्हणायचं होतं, ताई, गाढवपणा झाला. तू मला चार शिव्या दिल्या असत्यास, कौसाबाईनं जन्मभर चिडवलं असतं, "गाजरगवतवाले साहेब आले" म्हणून. एवढीच शिक्षा होती. पण मला त्या दोघींचं हसणं ऐकू यायला लागलं. यवतमाळच्या दुकानातला, गावातल्या लोकांनी फोन करून सल्ला विचारावा असा मी, आणि बहिणीच्या भाजीला गाजरगवत समजलो. ते हसणं मला सोसवेना.

इतक्यात फाटक वाजलं. कौसाबाईची बकरी, राणी, शिंगानं कडी खडखडवत बाहेर उभी होती. मी जाऊन फाटक उघडलं. ती आत आली. घरामागं आली. वाफ्यावर नाक नेलं, हुंगलं, फुर्र केलं आणि तोंड वळवून कुंपणावरच्या वालाच्या वेलाकडे गेली. माझ्या डोळ्यांदेखत ती निर्दोष सुटली, ताई. तरी मी तिला आत राहू दिलं. उपटलेली रोपं पिशवीत कोंबली, मोटरसायकलवरून नाल्यात फेकून आलो. परत येऊन उभा अर्धा वाफा अगदी जमिनीलगत खुडला. पायानं तुडवला, जनावर फिरल्यासारखा दिसावा म्हणून. साबणानं हात धुतले, पुन्हा धुतले. आणि ओट्यावर तुझी वाट पाहत बसलो.

तू गाडीतून उतरून आलीस ती माझ्यासाठी पुसदवरून चिवडा घेऊन. मागं गेलीस. तिथूनच म्हणालीस, "बाबू, हे काय झालं रे?" रागानं नाही. ताप आलेल्या पोराचं अंग चाचपावं तशी तू खाली बसून ते खुंट चाचपत होतीस.

मी म्हणालो, "कौसाबाईची बकरी शिरली होती."

पुढचं भांडण अख्ख्या गल्लीनं ऐकलं. तू कुंपणापाशी गेलीस.

"कौसे! ये कौसे, बाहीर निघ!"

ती पिठाच्या हातानंच आली. "काय झालं वं?"

"तुह्या राणीनं माह्यी जपानीन साफ केली. एक काडी ठेवली नाई."

"राणीनं? ते तोंड लावत नाई त्याले. मागच्या साली मी सोता देठं टाकून पाह्यले, हुंगून बाजूले झाली."

"मंग कोणं खाल्लं? मी खाल्लं?"

"मले काय मालूम! फाटक कोणं उघडं ठेवलं ते इचार पयले."

तू माझ्याकडे वळलीस. मी म्हणालो, "फाटक लोटेल होतं. तिनंच ढकललं असंन. मी मागं गेलो त हे आतच होती."

"आयक! माह्या भावानं डोयानं पाह्यली."

कौसाबाई तुझ्याकडे बघत नव्हती. कुंपणाच्या काड्यांमधून ती सरळ माझ्याकडे बघत होती. "खाताना पाह्यली का रे बाबू?"

मी म्हणालो, "हाव."

ताई, एवढाच शब्द. त्यानंतर मला काही बोलावंच लागलं नाही, बाकीचं तुम्ही दोघींनीच केलं. तू म्हणालीस, आजपासून माझ्या फाटकाच्या आत पाय ठेवू नको. ती म्हणाली, "नाई ठेवणार. तू बोलावशीन तवाच येईन." आणि पीठ सुकलेले हात घेऊन ती आत गेली. तुला वाटलं ती बेफिकिरीनं गेली. कुंपणाची मोडलेली काडी तिच्या मुठीतच गेली होती, ती मी पाहिली होती.

त्यानंतर तू कितीतरी दिवस त्या खुंटांना पाणी घातलंस. फोनवर सांगायचीस, "खालून फुटंन ना रे? तू त दुकानातला, तुले माईत असंन." मी म्हणायचो, फुटेल, थंडी पडू दे. मी ते पानांच्या पहिल्या जोडीच्या खालून खुडले होते. तिथून काही फुटत नाही. मला माहीत होतं. खोटं बोलायची सवय एका शब्दानं लागते असं नाही, पण दुसऱ्या वेळी ते जड जात नाही हे मी त्या हिवाळ्यात शिकलो.

कौसाबाईनं राणीला आखूड दाव्याला बांधलं. पुढं तिनं बकऱ्याच काढून टाकल्या. तू एकदा म्हणालीस, "पाह्य, खोटी होती म्हणून काढल्या ना." मी मान हलवली. ओट्यावर बसून मिरच्यांचे देठ खुडायला तू एकटी बसायचीस. पलीकडे तीही एकटीच खुडायची. मधल्या कुंपणाची पऱ्हाटी दरवर्षी बदलायची तेव्हा पूर्वी दोघी मिळून बदलायच्यात. नंतर तुझ्या बाजूनं तू बांधायचीस, तिच्या बाजूनं ती. कुंपण दुहेरी झालं.

तुम्हाला दोघींना भांडण मोडायला एक निमित्त हवं होतं, आणि ते निमित्त माझ्या तोंडात अडकलं होतं. तू स्वभावानं तेढ धरणारी नव्हतीस. पण तिचं खरं मानायचं तर भाऊ खोटा ठरत होता, आणि ते तुला करायचं नव्हतं. मैत्रिणीपेक्षा तू मला निवडलंस. त्या निवडीला मी लायक नव्हतो.

तू एकदा विचारलंस. यवतमाळला डोळे दाखवायला आली होतीस, मी तुला स्टँडवर सोडायला आलो होतो. गावाकडं जायला महागावची गाडी लागायची होती. तू उसाचा रस अर्धा पिऊन ग्लास माझ्याकडे सरकवलास, लहानपणी सरकवायचीस तसा. आणि म्हणालीस, "बाबू, खरं सांग. बकरीच होती ना?"

का विचारलंस, ताई? इतक्या वर्षांनी? तुला काही कळलं होतं का? मी हा प्रश्न रोज उलटा-पालटा करतो. तुझ्या आवाजात राग नव्हता. मला आता वाटतं की तू दार उघडून धरलं होतंस, मी फक्त बाहेर पडायचं होतं. मी म्हणालो, "मग कोण असेल?" आणि रसवाल्याकडे पाणी मागितलं.

तू म्हणालीस, "हाव, मंग कोण असंन," आणि गाडीत चढलीस. खिडकीतून नेहमीसारखा हात केलास.

मी रोज वंदनेला बसतो हे तू लोकांना कौतुकानं सांगायचीस. पंचशीलातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथं आलं की माझा आवाज खाली जातो. सुनंदाला वाटतं दम लागतो.

दोन-तीन वर्षांपूर्वी मुलीला म्हटलं, तुझ्या त्या फोनवर खायच्या शेवंतीचं बी मिळतं का बघ. मिळालं. चकचकीत पाकीट, वर तसंच पांढऱ्या शेंड्यांचं फूल. मी ते गच्चीवर रंगाच्या रिकाम्या डब्यांत पेरलं. पहिल्या वर्षी घाई केली, दसऱ्याआधीच्या उन्हात रोपं करपली. दुसऱ्या वर्षी पाणी जास्त झालं, मुळं कुजली. ज्याच्याकडे लोक सल्ल्याला येतात त्याची ही गत. मग मला तुझी राख आठवली, डालडाच्या डब्याची झारी आठवली. ह्या वर्षी तसं केलं, आणि ती आली. गच्चीवर वाकून पान चुरगळलं तेव्हा मी रडलो. सुनंदा कपडे वाळत घालत होती, तिनं विचारलं नाही. चांगल्या रोपांना मी चिंधी बांधली. माझ्या जुन्या पांढऱ्या सदऱ्याची.

माझा बेत असा होता. फुलं येऊ द्यायची, एक डबा मोटरसायकलला बांधून तुझ्याकडे आणायचा, अंगणात ठेवायचा आणि मग बोलायचं. हातात काही असलं की मला बोलायला सोपं जातं. फुलं आली. मी म्हटलं, पुढच्या रविवारी. त्या रविवारी दुकानात स्टॉक आला. त्याच्या पुढच्या रविवारी जाऊ म्हटलं. त्या रविवारच्या आधी तुझ्या नंबरवरून फोन आला, पण बोलणारा आवाज तुझा नव्हता.

निघताना मी गच्चीवर गेलो आणि असतील ती फुलं खुडली. चिंधीवालीला मात्र हात लावला नाही. तशा वेळीही लावला नाही, ताई. तुझं एवढं तरी ऐकलं.

तुला अंगणात ठेवलं होतं, पांढऱ्या चादरीत. मी फुलं तुझ्या हातांपाशी ठेवली. बायकांपैकी कोणाला ती कसली आहेत ते कळलं नाही, शेवंतीच वाटली. मग माझं लक्ष फाटकाकडे गेलं. फाटक सताड उघडं होतं, माणसं येत-जात होती, आणि कौसाबाई बाहेर रस्त्यावर उभी होती. पांढरी साडी नेसून. केस सगळे पिकलेले. कोणीतरी तिला म्हणालं, "मावशी, काहून बाहीर उभ्या? आत या ना."

ती म्हणाली, "तिनं बोलावलं नाई ना अजून."

लोकांना वाटलं म्हातारीला दुःखानं काही सुचत नाही. मला सगळं समजत होतं. मी तिच्याजवळ गेलो. तिनं माझ्या हाताकडे पाहिलं, एक फूल माझ्या बोटांत राहिलं होतं.

"हे जपानीन होय ना रे बाबू?"

"हाव."

"कोठून आणली?"

"यवतमाळवरून. गच्चीवर लावली."

तिनं फाटकाच्या बाहेरूनच हात पुढं केला. मी फूल दिलं. तिनं ते नाकाशी नेलं आणि डोळे मिटले. मग डोळे न उघडता हळूच म्हणाली, "राणी खरंच तोंड लावे ना रे त्याले."

तक्रार नव्हती. तुझ्याबद्दल काहीतरी आठवावं तसं ती म्हणाली. मी तेव्हा बोलायला हवं होतं. तू दहा पावलांवर होतीस. तिचा हात धरून, "कौसाबाई, राणीनं नाही, मी," एवढं म्हणून मला तिला आत आणता आलं असतं. तुला नेण्याआधी ती तुझ्या पायांशी बसली असती. आतून कोणीतरी हाक मारली, वंदना सुरू होते आहे, भाऊ पाहिजे. मी आत गेलो. पंचशील म्हटलं. चौथ्याला आवाज खाली गेला. आणि आम्ही तुला घेऊन निघालो तेव्हा ती रस्त्याच्या कडेला सरकली, वाट दिली, मागं मागं शेवटी चालत राहिली.

तुझ्या नावानं पुण्यानुमोदनाचं जेवण झालं त्या दिवशीही ती आली आणि फाटकाबाहेरच बसली. खीर तिला बाहेर नेऊन दिली, सुनंदानं. मी नाही.

हे सगळं मी लिहून काढलं, आणि लिहिताना हलकं वाटलं हे खरं आहे. पण कौसाबाईला वाचता येत नाही, ताई. म्हणजे ज्या एका माणसाला हे कळायला हवं, त्याच्यापर्यंत ह्यातलं अक्षर पोचणार नाही. कदाचित म्हणूनच माझ्यानं एवढं लिहिवलं. हे ओळखायला तू असतीस तर एका वाक्यात ओळखलं असतंस, आणि चुलीपासून म्हणाली असतीस, "मंग तू कागदच खाय."

तुझ्या घराची किल्ली आता माझ्याकडे आहे. अंगणात पाचोळा पडला असेल. गच्चीवरच्या चिंधीवाल्या अजून फुलावर आहेत, होळीनंतर बी वाळेल. ते बी कुठं पेरायचं ते मी ठरवलं आहे, घरामागं, त्याच पट्ट्यात. पण तो दसऱ्यानंतरचा विषय आहे, आणि मी गोष्टी पुढच्या रविवारवर ढकलतो हे आपल्या दोघांना माहीत आहे. बियाच्या आड मला आता लपायचं नाही.

कौसाबाई अजून फाटकाबाहेर आहे. राणीनं खाल्लं नव्हतं, मी उपटलं होतं, हे तिच्या तोंडावर सांगून तुझ्या वतीनं तिला आत बोलावणं, एवढं मी तुझं आणि तिचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.